पाहुण्यांचं पाणी

बाजेची दोरी सैल पडली होती. झोपलं की पाठ भुईला टेकायची. म्हणून एका दुपारी मी आणि सुलोचना बाज अंगणात काढून बसलो. मी पायथ्याची दोरी एकेक फेर करून ओढत होतो आणि ओढलेला फेर परत सैल पडू नये म्हणून ती अंगठ्यानं दाबून धरत होती.

"ओढा ना जराशी. जेवले नाई का?"

"मंग तूच ये इकडं."

"माई पाठ सरळ असती तं तुमाले कोनं इचारलं असतं?"

घंटाभर भांडत आम्ही ती बाज अशी ताणली की मूठ मारली तर ढोलकासारखी वाजावी. मग तिनं चहा ठेवला. एवढंच. तिसऱ्या दिवशी तिच्या पायांवर सूज चढली. घाटंजीच्या डॉक्टरनं यवतमाळला पाठवलं, आणि यवतमाळहून ती जिवंत परत आली नाही. याला आता दोन वर्षं झाली.

डॉक्टर म्हणाले, किडन्या गेल्या. गुडघे आणि कंबर तर दहा-बारा वर्षं आधीच गेली होती. शेवटी शेवटी ती चालायची तेव्हा तिचं तोंड जमिनीकडंच असायचं. दवाखान्यातल्या एका नर्सबाईनं सहज विचारलं, "पाणी कुठलं पिता?" तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा शिरला. कारण तिला पाणी मी पाजत होतो.

मी चौथी शिकलो. उमर हापशा दुरुस्त करण्यात गेली. आमच्या दारासमोरची हापशी मीच अर्ज देऊन मंजूर करून घेतली, पाइप मीच खाली सोडले. सुलोचना पहिल्या दिवसापासून म्हणे, या पाण्यात डाळ शिजत नाही, मी मळ्यातल्या विहिरीचं आणत जाते. विहीर अर्धा कोस लांब. हापशीवाल्याची बायको डोक्यावर हंडा घेऊन विहिरीवर जाईल तर लोक काय म्हणतील? मी जाऊ दिलं नाही. मग एक साहेब येऊन पाण्याची बाटली घेऊन गेला आणि महिन्याभरानं कागद आला, पाणी पिण्यास योग्य. तो कागद मी गावभर दाखवत फिरलो. घरात त्यानंच तिचं तोंड बंद केलं. ती काही बोलली की म्हणायचो, "कागद वाच." तिला वाचता येत नव्हतं.

मी कामानं बारा गावं फिरायचो, बारा गावचं पाणी प्यायचो. ती घरी राहायची आणि हेच प्यायची.

तर माझा सवाल एकच होता. माझ्या हापशीनं तिला नेलं का? कागद म्हणे नाही, मन म्हणे हो. त्या सवालापायी मी या उमरीत चार दिवस झरी जामणीकडं फिरून आलो, त्याची ही हकीकत.

अनघा

दिवाळी झाल्यावर एक पोरगी गाडीवर आली. अनघा तिचं नाव. मूळची साताऱ्याकडची, नागपूरच्या कॉलेजात पीएचडी करते. इंजिनियर आहे, पण पूल-रस्त्यांची नाही. जमिनीखालच्या पाण्यात काय काय विरघळतं ते ती शोधते. आमच्याकडच्या दगडातून फ्लोराईड नावाची चीज पाण्यात उतरते, तिला ना वास ना चव, आणि वर्षानुवर्षं पोटात गेली की दात आणि हाडं धरते, हे मला तिनंच समजावून दिलं. झरी जामणीच्या पोडांवर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर, हापशा कोणी बसवल्या हे विचारत ती माझ्यापर्यंत पोचली होती.

तिची अडचण अशी. गेल्या हिवाळ्यात तिनं एका पोडावर घरोघरी बाटल्या वाटल्या. सांगितलं, पिण्याचं पाणी भरून ठेवा, उद्या सकाळी येते. बाटल्या भरून मिळाल्या. कॉलेजातली मशीन म्हणाली, पाणी चांगलं. पण त्याच घरांतल्या लेकरांचे दात तपकिरी आणि म्हाताऱ्यांच्या कमरा वाकलेल्या.

"सर म्हणतात, एक तर मशीन चुकलं नाहीतर तू चुकलीस. पुन्हा जा," ती म्हणाली. "काका, तुम्ही सोबत याल का? मला तिथली भाषा येत नाही, हापशीतलंही काही कळत नाही."

"येतो. पण माया हापशीचं पाणी तपासून देजो."

"नक्की देते."

"आन मंग सांगजो, माई बायको त्याच्यानंच गेली का नाई."

"ते मला सांगता येणार नाही, काका."

"पाहू," मी म्हटलं.

घाटंजी ते पांढरकवडा

गाडी चालवणार पोरगी, मागं बसणार मी, आणि माझ्या मांडीवर बाटल्यांचा थर्माकोलचा डबा. आमच्या आळीत असा देखावा कोणी पाहिला नव्हता. शेजारची शेवंताबाई दारातून ओरडली, "बाबा, घट्ट धरा! पडले तं पोट्टीचं नाव खराब होईन!"

सुलोचनाचं माहेर झरीकडंच आहे. या रस्त्यानं आम्ही एसटीनं जायचो. तिला खिडकी लागायची. बाहेर कोणाच्या वावरात तूर कशी आहे, कापूस कसा फुटला, ते ती मला सांगत जायची, जसा काही मी आंधळा. या खेपेला दोन्हीकडं तूर शेंगांनी लदलेली होती आणि सांगणारं कोणी नव्हतं. मीच अनघाला सांगायला लागलो. हवेत तिला अर्धं ऐकू येत नव्हतं. ती आपली "हो काका, हो काका" करत होती.

एका वावराच्या धुऱ्यावर थांबून मी ओल्या तुरीच्या शेंगा तोडून घेतल्या. पोरगी घाबरली.

"काका, मालक?"

"मालक आला तं त्याले बी देऊ."

मालक आला. कुठून आले, कुठं चालले विचारलं, आणि आणखी दोन फांद्या मोडून दिल्या. अनघा म्हणाली, आमच्याकडं असं केलं तर कुत्रं सोडतील.

पांढरकवड्याला चहा घेतला. तिथून पुढं सागाचं जंगल लागतं. एका नाल्यात गाडी घसरली, माझी एक चप्पल वाहून गेली आणि मी डबा डोक्यावर धरून कमरेइतका ओला झालो. "डबा पहिले वाचवला काका तुम्ही," ती हसून म्हणाली. मी म्हटलं, मला सुकवता येतं, तुझ्या बाटल्यांचं मला काय माहीत.

या रस्त्यानं सुलोचना शेवटची पाच वर्षं गेलीच नाही. पाठ धरल्यावर तिला एसटीत बसवत नव्हतं. त्याआधी जाऊ म्हणे तेव्हा मी म्हणायचो, हंगाम होऊ दे.

त्या रात्री आम्ही पोडाजवळच्या आश्रमशाळेत मुक्काम केला. मास्तरांनी भात आणि तुरीच्या दाण्यांची पातळ भाजी वाढली, आमच्याच शेंगांची.

पोड

कोलामाचं अंगण पाहावं. मातीचं, पण असं सारवलेलं की पाय ठेवायला लाज वाटते. मला त्यांच्या भाषेतले दहा-वीस शब्द येतात. पाण्याला ते 'ईर' म्हणतात. हापशीवाल्याला एवढा शब्द तरी आलाच पाहिजे.

सोनाबाई नावाच्या म्हातारीनं मला ओळखलं. "हापशीवाले बाबा! बुढे झाले ना तुमी!"

"तू काय पोरगी राह्यली का?"

ती पदर तोंडाला लावून हसली. अनघानं गेल्या वर्षीसारख्याच बाटल्या दिल्या आणि मी हापशीच्या ओट्यावर जाऊन बसलो. सवयीनं हँडल हलवून पाहिलं. आतलं वायसर झिजलेलं होतं, आवाजावरून समजतं.

सात बाया बाटल्या घेऊन आपापल्या घरात गेल्या. सात बाटल्या भरून बाहेर आल्या. या सगळ्यात हापशीवर कोणी आलं नाही. घरात भरलेलं असेल, असं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण सोनाबाईच्या दारातून मला आत दिसत होतं. चुलीजवळ दोन मोठे हंडे उघडे होते. तिनं त्यांना हात लावला नाही. कोपऱ्यातली झाकलेली लहान कळशी उचलली, आणि बाटली तिच्यातून भरली.

मी उठून गेलो. "सोनाबाई, त्या कळशीत कायचं पाणी हाय?"

"झिऱ्याचं. तुमी येनार समजलं तं काल आनून ठेवलं."

"आन हंड्यातलं?"

"ते हापशीचं. आमी रोज तेच पेतो. झिरा टेकडीच्या खाली हाय, रोज कोन उतरीन?"

"मंग बाटलीत हापशीचं काहून नाई भरलं?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसा काही हा माणूस बुढा झाला आणि अक्कलही घालवून बसला. "बाबा, इतक्या दुरून पोरगी आली. पानी मागून राह्यली. तिले हापशीचं देऊ? ते पानी तिच्या गावाले जानार. तिथचे लोक म्हनतीन, पोडावर असं पानी देतात."

बाकीच्या बायांना विचारलं. सातही बाटल्या झिऱ्याच्या. गेल्या वर्षीच्याही.

अनघा ओट्यावर बसली. मला वाटलं आता रडते.

"माझं एक वर्ष गेलं, काका," ती म्हणाली. मग बाटल्यांकडं पाहत, "चूक माझीच आहे. मी यांना फक्त म्हणाले, पाणी द्या. पाहुण्यानं पाणी मागितलं तर माझी आईसुद्धा असंच देईल."

मग तिनं पिशवीतून दोन नळ्या काढल्या. एकीत कळशीचं पाणी घेतलं. दुसरीसाठी मला हापशी मारायला लावली. पाइपात उभं राहिलेलं जुनं पाणी निघून जाईपर्यंत मारा म्हणाली, आणि माझा दम निघाला तरी थांब म्हणेना. नळी त्याच पाण्यानं तीनदा विसळली, मग भरली. दोन्हींत लाल औषधाचे मोजून थेंब टाकले. कळशीचं पाणी गुलाबी राहिलं. हापशीचं पिवळं पडत गेलं.

"पिवळं म्हनजे?" सोनाबाईनं विचारलं.

"म्हणजे पिण्यासारखं नाही, मावशी. पिण्यापुरतं तरी झिऱ्याचं आणा."

"तू आनून देशीन का, माय?"

सोनाबाई रागानं बोलली नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. तिनं आम्हाला ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी जेवू घातली आणि वर पाणी दिलं. कळशीतलं.

सुलोचनाचं माहेर

तिसऱ्या दिवशी तिथून जवळच सुलोचनाच्या माहेरी गेलो. आता त्या घरात तिची वहिनी पार्बताबाई एकटी राहते. ती अंगणात लवकर आलेली तूर झोडपत होती. मला पाहून काठी टाकली.

"जयभीम, जवाईबुवा. दोन वर्षांनी आठवण आली, तेबी पोरीच्या गाडीवर बसून!"

"एसटीत बसवत नाई आता."

"तिलेबी बसवत नव्हतं," ती म्हणाली, आणि आमच्यासाठी पाणी आणायला आत गेली.

दुपारी जेवणं झाली. पार्बताबाईनं वांग्याचं भरीत केलं होतं, सुलोचना करायची तसंच, वरून कच्चं तेल सोडलेलं. वातावरण हलकं करावं म्हणून मी पोडावरची गोष्ट सांगितली. पार्बताबाई हसता हसता भिंतीला टेकली.

"मंग! बाटलीत कोनी खराब पानी भरते का? तुमच्या घरी नाई का असंच झालं?"

"माया घरी?"

"साहेब आला नव्हता का बाटली घेऊन? तुमी कामाले गेलते. त्यानं ओट्यावरूनच बाटली देली, म्हने पानी द्या बाई. सुलोचनाले वाटलं, साहेबाले हे पानी कसं द्याचं? त्याले चहा देऊन घंटाभर ओट्यावर बसवलं आन मागच्या दारानं विहिरीवर जाऊन बाटली भरून आनली. इथं आल्यावर मले सांगून किती हासली ती!"

अनघानं माझ्याकडं पाहिलं.

पार्बताबाईच्याही ध्यानात आलं असावं. ती हळू बोलली. "तुमाले सांगनार व्हती. पन कागद आला आन तुमी इतके खुश झाले, गावभर सांगत फिरले का माई हापशी पास झाली. मंग तिच्यानं तोंड उघडवलं नाई. म्हने, राहू दे वहिनी, त्याहिले एवढी एकच गोष्ट हाय मिरवाले."

मी उठून परसात गेलो. तिथं एक बोरीचं झाड आहे. लग्न झालं त्या साली ती मला या झाडाची बोरं पाडून देत होती आणि मी आंबट आहेत म्हणून थुंकत होतो. त्या झाडाखाली मी उभा राहिलो. मला तिच्याशी भांडायचं होतं. दुसरं काही नको होतं. एवढंच की तिनं समोर बसावं आणि मी विचारावं, काहून नाही सांगितलं वं? कागदापेक्षा मी मोठा नव्हतो का? आणि तिनं म्हणावं, तुमी ऐकलं असतं का? आणि मी म्हणावं, नसतं ऐकलं. हे कबूल करायला सुद्धा माणूस समोर लागतं.

अनघा मागून आली.

"आता सांग," मी म्हटलं. "ती त्याच्यानंच गेली का?"

"काका, मी पाण्याचं सांगू शकते. माणूस कशानं गेलं ते पाण्यावरून नाही सांगता येत. त्यांचे गुडघे, पाठ, असू शकतं. किडनीची कारणं पुष्कळ असतात."

"मंग एवढं शिकून काय फायदा तुया?"

हे मी बोललो, आणि बोलायला नको होतं. तिनं मान खाली घातली. "मलाही कधी कधी हेच वाटतं," म्हणाली. खोटं सांगून मला समजावलं असतं तर सोपं गेलं असतं. तिनं तसं केलं नाही, त्याचा मला तेव्हा राग आला. आता येत नाही.

त्या दिवशी पार्बताबाईकडंच राहिलो. सकाळी निघताना तिनं माझ्यासाठी तुरीची डाळ बांधून दिली. सुलोचना गेल्यावरही जावयाची डाळ चुकली नाही.

घरी

चौथ्या दिवशी ऊन उतरता उतरता आम्ही गावात आलो. गाडीवरून उतरल्याबरोबर मी अनघाला म्हटलं, आधी हापशी. मीच मारली. जुनं पाणी जाईपर्यंत मारली. तिनं नळी तीनदा विसळली, थेंब टाकले. सांगायला नको. पिवळं पडलं, पोडावरच्यापेक्षा लवकर. "नक्की किती ते मशीन सांगेल," ती म्हणाली. तिनं दोन बाटल्या भरल्या, त्यावर गावाचं नाव, हापशीची जागा आणि वेळ लिहिली. 'नमुना कोणी घेतला' या जागी स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढं माझंही लिहिलं. मग माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला थांबवलं. म्हटलं, "तुले टाकून बोललो, ते मनावर नको घेजो."

"नाही घेतलं, काका. आता मी सगळ्या गावांत पुन्हा जाणार. बाटली स्वतः भरणार."

ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि घराबाहेर पडलो. पहिल्यांदा शेजारी शेवंताबाईकडं. ती चुलीपाशी होती. मी दारातच उभा राहिलो.

"शेवंताबाई, आपल्या हापशीचं पाणी पेवाचं नाई. मी कागद दाखवत फिरलो व्हतो, तो कागद या पाण्याचा नव्हता. बाटलीत विहिरीचं पाणी गेलतं. पाणी खराब हाय. मी चुकलो."

तिनं फुंकणी खाली ठेवली. "बाबा, आमी कुठं पेतो ते? आमी धुण्या-भांड्यालेच वापरतो. विहिरीचं पेत जा म्हनून सुलोचनाबाईनंच सांगतलं व्हतं आमाले."

"कवा?"

"लय वर्षं झाली."

म्हणजे शेजारच्या घरात तिनं ते पाणी जाऊ दिलं नाही. आणि आमच्या घरात रोज जेवायला बसलं की माझ्यापुढं एक तांब्या, तिच्यापुढं एक, दोन्ही हापशीचे.

"मंग मले काहून नाई सांगतलं कोनी?"

"तुमाले सांगाची कोनाची छाती व्हती, बाबा?" ती म्हणाली. मग जरा मवाळ होऊन, "बसा, चहा ठेवते."

मी बसलो नाही. आळीत अजून अकरा घरं होती. कोणाला माहीत असेल, कोणाला नसेल. शेवटच्या तीन घरांतले लोक तर मागच्या दोन-चार वर्षांत राहायला आलेले, त्यांना सुलोचनानं सांगितलं असेल की नाही कोणास ठाऊक. ज्यांना माहीत होतं त्यांच्याही कानावर ते माझ्या तोंडून जायला पाहिजे होतं. मी पुढच्या दारी गेलो, कडी वाजवली आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.